मनकर्णाबाईनं सोडलेली जागा

लातूर जिल्ह्याच्या कर्नाटकाकडच्या अंगाला एक पेठेचं गाव आहे. नाव विचारू नका. नाव घेतलं की तिथले लोक भांडायला येतील, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडं कोणत्याही तालुक्याला जा, हीच गल्ली सापडंल. गाव आधी ग्रामपंचायतीत होतं, मग नगरपंचायत झाली. चौकात उंच खांबावर दिवा आला, वेशीत कमान आली, नगरसेवकांच्या गाड्यांना काळ्या काचा आल्या. गल्ल्या मात्र होत्या तशाच राहिल्या. तशा तरी कुठं राहिल्या, वर्षावर्षाला आवळत गेल्या.

गल्ली आवळते कशी, तेही ऐकून घ्या. कुणी एका दिवसात रस्ता खात नाही. आधी माणूस दारापुढं ओटा घालतो. म्हातारीला टेकायला पाहिजे म्हणतो. ओट्यावर पाऊस येतो म्हणून पत्रा येतो. पत्र्याला खांब लागतात. खांब आले की मधे चार विटा लावायला काय जातंय? झाली खोली. खोलीला पायऱ्या पाहिजेत, त्या रस्त्यावर उतरतात. वर स्लॅब पडला की सज्जा निघतो. समोरचा हे सगळं बघत असतो. तो म्हणतो, ह्यानं घेतलं तर मी काय हातात बांगड्या भरल्यात? दोन्हीकडून असं चाललं की शेवटी मधे उरते ती नाली, आणि नालीच्या कडंनं माणसानं आंग चोरून चालायचं.

अशा गल्लीत मनकर्णाबाईच्या घरापुढं मात्र मोकळी जागा होती. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी उभ्या कराव्यात, एवढी. ना कंपाउंड, ना तार, ना तुळशीवृंदावनसुद्धा. सगळी गल्ली ती वापरायची. पापड-कुरडया वाळायच्या तिथं, लग्नाचा मांडव पडायचा तिथं, गॅसच्या टाक्यांची गाडी वळायची ती तिथंच. कुणी गेलं तर तिरडीही तिथंच बांधायची, कारण दुसरीकडं चार माणसांना वाकायला जागा नव्हती. वापरायचे सगळे आणि वरून हसायचे. "म्हातारी येडी हाय. सोन्यासारखी जागा कुत्र्यांना लोळायला ठेवलीय," असं म्हणायचे आणि त्याच जागेत आपली मोटारसायकल लावून जायचे.

येडी नव्हती हो ती. गल्ली म्हणजे काय असतं ते ह्या सगळ्या शहाण्यांपेक्षा तिनं जास्त भोगलं होतं.

मनकर्णाबाईचं सासर किल्लारीच्या पट्ट्यातलं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते गाव गेलं. तिची पहिली लेक सिंधु तेव्हा चार वर्षांची. घरापुढची गल्ली अशी की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागायच्या. दगड-मातीच्या, हातभर जाडीच्या, दुमजली उंचीच्या. गणपती बुडवून माणसं निजली होती. धरणी हालली तशी मनकर्णाबाईनं कोणत्याही आईनं करावं तेच केलं. ओसरीवरून लेकीला ओढलं आणि बाहेर पळाली. बाहेर म्हणजे गल्लीत. आणि दोन्हीकडच्या भिंती येऊन पडल्या त्या गल्लीतच. नवरा शेषेराव गुरांपाशी पत्र्याखाली निजला होता, त्याला खरचटलंसुद्धा नाही. दुपारी त्यानं आणि मिलिटरीच्या माणसांनी तिला दगडाखालून काढलं. सिंधुचा हात तिच्या हातात होता. तो सोडवून घ्यावा लागला.

बाकीच्यांनी कुणी देवाला बोल लावला, कुणी धरणीला, कुणी डोक्यावरच्या मातीच्या माळवदाला. मनकर्णाबाईनं बोल लावला तो गल्लीला. "धरणीला काय कळतंय?" ती म्हणायची. "पर गल्ली माणसांनीच केली होती की. हातभर सोडलं असतं दोन्हीकडून, तर माझी लेक जिती राहिली असती." एवढंच बोलायची आणि उठून कामाला लागायची.

सरकारनं नवं गाव वसवून दिलं, रुंद रस्त्यांचं. तिथं तिचं मन लागेना. शेषेरावला ह्या पेठेत आडतीवर काम मिळालं, उरलंसुरलं शेत विकून त्यांनी प्लॉट घेतला, घर बांधायला काढलं. घर पत्र्याचंच बांधायचं, इथपर्यंत दोघांचं जमलं. पुढं मात्र शेषेराव म्हणाला, "अगं, समोर दोन खोल्या काढू. भाडं येईल."

"काढा. मी त्या घरात पाऊल टाकणार न्हाई."

"बरं, खोल्या नको. कंपाउंडची भिंत तरी घालू. लोकांची ढोरं येतेत."

"येऊ द्या ढोरं. भिंत न्हाई पाहिजे."

शेषेरावनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि भिंतीचा विषय सोडला. गडी भला होता. त्यानं तेव्हापासून मरेपर्यंत त्या जागेत खुंटीसुद्धा ठोकली नाही.

पुढं कधीतरी मोजणीवाले आले, घराघराची हद्द नकाशावर उतरवत. शेषेराव आडतीवर होता. मोजणीवाल्यानं विचारलं, "बाई, तुमची हद्द कुठपर्यंत?" मनकर्णाबाईनं घराच्या भिंतीला हात लावला. "हितपर्यंत. पुढचं गल्लीला दिलंय." तो माणूस बघतच राहिला असंल. हद्द पुढं ढकलणारे त्यानं गल्लोगल्ली बघितले होते, मागं घेणारं माणूस त्याच्या उभ्या नोकरीत पहिलंच. त्यानं तसंच उतरवून घेतलं. दिलंय तर लिहून द्या, असं तो म्हणाला नाही. आणि म्हणाला असता तरी तिला ते पटलं नसतं. आपल्याकडं कुणी पाणपोई घातली तर कागद करून घालतो का? दिलं म्हणजे दिलं. चूक म्हणायची तर ती हीच. पण अशी चूक करायलाही माणूस तसंच लागतं.

शेषेराव गेला. भूकंपानंतर झालेला दयानंद मोठा झाला, त्याचं लग्न झालं, सून पुनम आली, नातू शिवांश झाला. दयानंद बसस्टँडपुढच्या टपरीत मोबाईल दुरुस्त करायचा. नगरपंचायतीनं अतिक्रमण म्हणून सगळ्या टपऱ्या उचलल्या, त्यात त्याची गेली. तेव्हापासून पोरगा घरात बसून. बसून बसून त्याची नजर दारापुढच्या जागेवर जायची. दोन गाळे निघतील, शटरचे. एकात आपलं दुकान, एक भाड्यानं. त्यानं हे आईला कितीदा सांगितलं त्याला गणती नाही, आणि ती प्रत्येकदा एकच म्हणायची, "मी मेल्यावर बघ काय करायचं ते." आता आईनं मेल्यावर म्हणलं की तो चप्पल घालून बाहेर जायचा.

अशात गेल्या वर्षी नगरपंचायतीनं गल्ली रुंद करायचं काढलं. मारुतीच्या देवळात वॉर्डाची बैठक भरली. रविकिरण नावाचा तरणा इंजिनिअर आला होता, नांदेडकडचा. तो नियम वाचायला लागला. त्यात सामासिक अंतर असा शब्द आला. लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. तो म्हणाला, "म्हणजे घराच्या पुढं-मागं सोडायची मोकळी जागा. आग लागली, भूकंप झाला, तर माणसाला बाहेर पडता यावं म्हणून."

बायकांच्या घोळक्यात बसलेल्या मनकर्णाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पंचवीसेक वर्षं गल्ली जिला येडी म्हणत होती, तिचं म्हणणं सरकारच्या पुस्तकात निघालं!

इंजिनिअरनं विचारलं, "रुंदीकरणाला कुणाकुणाचा होकार आहे?" सगळे गडी आपापल्या पायाचे अंगठे बघायला लागले. कुणी खोकलं, कुणाला फोन आला. मनकर्णाबाई पदर सावरून उठली. "लिव्हा बाबा. पहिला माझा होकार लिव्हा." आणि समोरच्या घराच्या ईश्वरप्पाकडं वळून म्हणाली, "अप्पा, तुमच्या सज्ज्याखालून नवरदेवाला घोड्यावर वाकून जावं लागतंय. लाज वाटू द्या थोडी. हात वर करा."

लोक हसले. ईश्वरप्पा किराणा दुकानदार, गल्लीतला वजनदार माणूस. चारचौघांत असं बोलल्यावर करतो काय? त्यानं हात वर केला. त्याच्या मागं एकेकाचे हात वर गेले. त्या दिवशी रुंदीकरण मंजूर झालं ते मनकर्णाबाईमुळं, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगंल.

मग टेप घेऊन माणसं आली. आहे त्या रस्त्याचा मध्य काढायचा आणि तिथून दोन्हीकडं सारखं मोजायचं, असा त्यांचा हिशेब. मनकर्णाबाईनं त्यांना च्या करून दिला. टेप ताणला गेला. मोजणीच्या नकाशात तिची मोकळी जागा रस्ता होती. तिच्या दारापुढं रस्ता रुंद, म्हणून मध्य तिच्याकडं सरकलेला. त्या मध्यापासून टेप धरला तो पायरीवरून, उंबऱ्यावरून, बैठकीतून आत गेला, आणि लाल रंगाची खूण पडली ती माजघराच्या भिंतीवर. म्हणजे बैठक गेली, अर्धं माजघर गेलं. मागं चूल आणि न्हाणी उरली. पुनम आणि शिवांश जिथं निजायचे ती खोली खुणेच्या बाहेर, रस्त्यात.

समोर ईश्वरप्पानं मोजणीत हद्द नालीपर्यंत पुढं सांगितलेली, त्यामुळं त्याच्या घरावर खूण पडली ती पायऱ्यांवर. ज्यानं खाल्लं त्याच्या दोन पायऱ्या जायच्या आणि जिनं सोडलं तिचं घर जायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

मनकर्णाबाई दुसऱ्या दिवशी नगरपंचायतीत गेली. रविकिरण माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाळा, माझी जागा मी आधीच सोडलीय की. आता दुसऱ्यांची पाळी."

"मावशी, नकाशावर ती तुमची नाही. रस्ता आहे. तुम्ही कंपाउंड घातलं असतं, तर आपोआप तुमची धरली असती."

"भिंत नको म्हणून तर सोडली."

"सोडली म्हणजे कुणाला दिली? कागद आहे का काही?"

"गल्लीला दिली."

"गल्लीला कसं देता येईल, मावशी? गल्ली म्हणजे काय माणूस आहे का?" तो हसत नव्हता. खरंच विचारत होता. मग म्हणाला, "विशेष सभेत हरकतींची सुनावणी आहे. तुम्ही हरकत टाका. सभेनं मानलं तर रेषा बदलू शकते."

घरी आली तर दयानंद भिंतीवरच्या लाल खुणेपुढं उभा होता. त्याचा आवाज चढला. "जा आता, सगळ्यांच्या आधी हात वर कर आणखी! लोक घर भरून राहिलेत आणि तू आपलं पाडून घेऊन राहिलीस. सांग की सभेत, जागा आमची हाय म्हणून. खरेदीखतात सगळी हाय."

"दिलेली हाय रे. दिलेलं परत मागायचं नसतं."

"कुणाला दिलीस? सिंधुला?" तो बोलून गेला. मग थांबायचं तर थांबलाही नाही. "आई, मी तिला बघितलं बी न्हाई. मेलेल्यासाठी किती वर्षं जागा धरून ठेवायची?"

"मेलेल्यासाठी न्हाई ठेवली, दयानंदा. मेलेल्याला काय करायची जागा? तुमच्यासाठी ठेवली. जित्यांसाठी."

तो डोकं धरून खाली बसला. पुनम आतून बघत होती. ती कुणाची बाजू घेणार? लाल खूण तिच्या अंथरुणाच्या उशालाच होती.

दोन-चार दिवसांनी नगरसेवक बबलू घरी आला. बबलू ह्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला, तिच्या मोकळ्यात विटीदांडू खेळलेला. आला तो पाया पडला, बाजेवर बसला, च्या मागून घेतला. गोड बोलावं तर बबलूनं. तो म्हणाला, "मावशी, तुमच्यावर अन्याव झालाय. मी असा होऊ देणार न्हाई. तुम्ही सभेत फक्त येवढंच म्हणा, जागा माझी हाय. बास. मग मध्य सरकतो. दोन्हीकडून सारखं जातंय. तुमच्या वाट्याचं जे जायचं ते तुमच्या मोकळ्यातूनच जाईल, घराला धक्का न्हाई."

"आन गल्ली?"

"गल्लीचं काय?"

"रुंद व्हईल ना?"

"व्हईल म्हणजे! त्याच्यासाठीच तर सगळं."

मनकर्णाबाईनं त्याला पुन्हा विचारलं. मग अजून एकदा विचारलं. बबलूनं गळ्याला हात लावून शप्पथ घेतली. दयानंद दाराशी उभा राहून जमिनीकडं बघत होता. तिला वाटलं, त्या दिवशी सिंधुवरून बोलला त्याची शरम वाटत असंल पोराला. आईचं मन असंच असतं, लेकराच्या तोंडावर जे दिसतं त्याचा चांगलाच अर्थ लावतं.

सभेच्या दिवशी तिनं नवं लुगडं नेसलं. जाताना गल्लीतून चालत गेली आणि दोन्हीकडची घरं बघत गेली. इथून एवढं जाईल, तिथून एवढं जाईल, मग वरून सूर्य दिसंल. माझी म्हणणं तिच्या जिवावर आलं होतं, शब्द मागं घेण्यासारखं होतं ते. पण घरही राहतंय आणि गल्लीही रुंद होतीय म्हणल्यावर एवढं पाप पदरात घ्यायला तिची तयारी होती. देव विचारील तर सांगू म्हणली, सगळ्यांसाठी बोलले.

सभागृह भरलं होतं. वर नगराध्यक्षीणबाई, त्यांच्या शेजारी त्यांचे मालक, खरं तर त्यांना तिथं बसायचा अधिकार नाही, पण ते बसतात. मुख्याधिकारी साहेब नवे होते. एकेक हरकत निघत गेली. मनकर्णाबाईचं नाव घेतलं तशी ती उठली. साहेबांनी विचारलं, "आजी, घरापुढची मोकळी जागा रस्त्याची आहे की तुमची?"

सभा तिच्याकडं बघत होती. इंजिनिअर रविकिरण नकाशा धरून उभा होता. मागून दयानंद हळूच म्हणाला, "आई, बोल."

"माझी," ती म्हणाली.

"खासगी आहे? तुम्ही रस्त्याला दिलेली नाही?"

"माझीच हाय, साहेब."

दयानंदनं खरेदीखत पुढं ठेवलं. साहेबांनी बघितलं, मान हलवली, लिहून घेतलं. मनकर्णाबाई खाली बसायच्या आधीच बबलू उभा राहिला. आता त्याचा आवाज घरी बाजेवर बसून बोलत होता तो नव्हता, माईकवरचा होता.

"अध्यक्ष महोदया, जागा खासगी आहे हे आता सिद्ध झालं. म्हणजे ही गल्ली पहिल्यापासून अरुंदच आहे. रुंद करायची तर दोन्हीकडच्या सगळ्या घरांच्या बैठकी पाडाव्या लागतील. गोरगरिबांची घरं पाडायला आम्ही निवडून आलेलो नाही. माझी सूचना आहे की रुंदीकरण रद्द करावं आणि आहे ती बांधकामं आहे तशी राहू द्यावीत."

अनुमोदन द्यायला तिघं एकदमच उठले. बाकं वाजली. हात वर गेले, ते देवळात वर जायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या पावपटीत. नगराध्यक्षीणबाईंनी मालकांकडं बघितलं आणि मंजूर म्हणल्या.

मनकर्णाबाईला पहिल्यांदा कळलंच नाही. शेजारच्या बाईला तिनं विचारलं, "काय झालं?" ती बाई आनंदानं म्हणाली, "कुणाचंच काय जात न्हाई आत्या, गल्ली आहे तशीच ऱ्हाते!"

मग मात्र ती उठली. "साहेब, आवो साहेब, असं न्हाई. मला सांगितलं होतं की..."

मुख्याधिकाऱ्यांनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं. पण पुढचा विषय वाचायला सुरुवात झाली होती. गावातल्या मोकाट डुकरांचा बंदोबस्त. डुकरांवर सभा लगेच रंगली. बबलूच मोठमोठ्यानं बोलत होता. मनकर्णाबाई थोडा वेळ उभीच राहिली. मग पुनमनं हाताला धरून तिला बाहेर आणलं.

बाहेर ईश्वरप्पा पेढे वाटत होता. त्याच्या बायकोनं, गंगम्मानं, मनकर्णाबाईला मिठीच मारली. "अक्का, तुम्ही वाचवलं आम्हाला. तुमच्या एका शब्दानं सगळ्यांची घरं वाचली." ईश्वरप्पानं स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात पेढा घातला. म्हातारी तो पेढा तोंडात धरून उभी राहिली. गिळवेना, आणि लोकांपुढं थुंकवेना.

घरी आल्यावर तिनं दयानंदला समोर बसवलं. "तुला ठाऊक होतं?"

दयानंदनं फोन काढून काच पुसायला घेतली.

"बबलू आला होता तवाच ठाऊक होतं?"

"आई, घर वाचलं ना आपलं? खूण पुसायला सांगितली मी." मग तिच्याकडं न बघता, "गाळ्याचं काम पुढच्या आठवड्यात चालू करायचंय. बबलू परवानगी काढून देऊन राहिला."

तिला पोराला शिव्याशाप द्यायचे होते. तोंडाशी आले होते. पण समोर बसलेला तो, तिशीतच केस पांढरे झालेला, कामधंद्यावाचून सुकलेला, तिच्याच पोटचा. परकं कुणी असतं तर तिनं गल्लीत उभं राहून इज्जत काढली असती. ती उठली, आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून रडली. मोठ्यानं रडली. दयानंदनं ऐकलं आणि त्याचेही डोळे भरले, पण गाळ्यांचं काम काही त्यानं पुढं ढकललं नाही.

पाया खणायच्या दिवशी त्यानं आईला बोलावलं. "नारळ तूच फोड. घरात मोठी तूच हायस." गवंडी थांबले होते, ईश्वरप्पा-गंगम्मा आले होते, बबलू गॉगल लावून उभा होता. मनकर्णाबाईनं नारळ फोडला. नाही म्हणून कुणाला सांगायचं? जागा माझीच, असं भरल्या सभेत तिनंच सांगितलं होतं.

काम भराभर उठलं. भिंती आल्या, दोन शटरं बसली, वर स्लॅब पडला, आणि समोरच्यांनी सज्जे काढलेत म्हणून दयानंदनंही सज्जा काढला. घरातून बाहेर पडायला दोन गाळ्यांच्या मधे एक बोळ राहिला, एक माणूस जाईल एवढा. गाळ्यांच्या पायऱ्या थेट नालीला टेकल्या. दयानंदचं दुकान चालू झालं. पैसे येऊ लागले, पुनमच्या तोंडावर रया आली. गल्लीतले लोक आता मनकर्णाबाईला येडी म्हणत नाहीत. म्हणतात, म्हातारी शेवटी शहाणी झाली.

एका दुपारी तिनं पुनमला हाक मारली. "पुनम, लेकराला घेऊन इकडं ये. बस. मी काय सांगते ते नीट ऐक."

पुनम शिवांशला काखेला मारून आली.

"धरणी हालली तर बाहेर पळायचं न्हाई."

"काय आत्या?"

"धरणी हालली, भांडी वाजायला लागली, कुत्री वरडायला लागली, तर लेकराला घेऊन माजघरातच बसायचं. वर पत्रा हाय. पत्र्यानं माणूस मरत न्हाई. त्या बोळात जायचं न्हाई, गल्लीत जायचं न्हाई. सगळी गल्ली पळाली तरी जायचं न्हाई. दयानंदनं बाहेरून हाक मारली तरी जायचं न्हाई. मी हाक मारली तरी न्हाई."

"हाव आत्या," पुनम म्हणाली. शिवांश खाली उतरायला धडपडत होता.

"हाव म्हणू नको. म्हणून दाखीव."

पुनमला कसंतरीच झालं. ती हळूच म्हणाली, "न्हाई जाणार आत्या. लेकराला घेऊन बाहेर न्हाई जाणार."

"पुन्हा म्हण," मनकर्णाबाई म्हणाली.